शरीराचे कोठार आणि त्याचा कोठावळा

पावसाळ्यात गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले, की नाशिकच्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले? गोदाकाठची ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पिढीजात पूरमापक पट्टीच होय. पाणी गुडघ्याला लागले म्हणजे काळजी नाही. कमरेला लागले म्हणजे दुकानदार माल हलवू लागतात. गळ्याला लागले म्हणजे काठावरची वस्ती जागी राहते. २०१६ च्या आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात जे मोठे पूर आले, त्या वेळीही सर्वांची दृष्टी या मूर्तीकडेच लागून राहिली होती. परंतु मारुती सांगतो ते आलेल्या पुराविषयी. त्र्यंबकच्या डोंगरांत पाऊस किती दिवस पडतो आहे आणि धरण किती भरले आहे, हे त्याच्याकडे पाहून समजत नाही.

आजच्या सुशिक्षित घरांत रक्तातील साखरेच्या तपासणीला असेच दुतोंड्या मारुतीचे स्थान प्राप्त झाले आहे. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात, दर १०० मिलिलिटरमागे, साखर १०० मिलिग्रॅमच्या आत आली, की गृहस्थ निश्चिंत होतो. १०० ते १२५ पर्यंत आली, तर वैद्य त्याला मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा आहे असे म्हणतात; १२६ किंवा त्याहून अधिक आली आणि पुन्हा तपासूनही तीच आढळली, तर मधुमेह झाला असे मानतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लक्ष उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज देण्यात आला. तथापि या आकड्यांच्या मागे जी घडामोड वर्षानुवर्षे मुकाट्याने चाललेली असते, तिचा संबंध साखरेइतकाच चरबीशीही आहे. ती घडामोड कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे.

जाणता गृहस्थ घरात दोन प्रकारची शिल्लक ठेवतो. रोजच्या खर्चाचे पैसे खिशात आणि अडीनडीचे पेटीत. शरीराचीही तीच रीत आहे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेन या रूपाने साठविलेली असते. ही खिशातली रक्कम. साऱ्या शरीराला ती जेमतेम एक दिवस पुरेल. त्यातही स्नायूंनी आपला वाटा एकदा घेतला, की तो रक्ताला परत मिळत नाही. पेटीतली शिल्लक म्हणजे चरबी. साठ किलो वजनाच्या मध्यम बांध्याच्या माणसाच्या अंगी १२ किलो चरबी असेल, तर तिच्यात एक लक्षाहून अधिक कॅलरींची शक्ती भरलेली असते आणि दिवसाला २००० कॅलरी या हिशेबाने ती पन्नास दिवसांहून अधिक पुरावी. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. शिवाय ग्लायकोजेनबरोबर त्याच्या तिप्पट पाणी बाळगावे लागते. चरबीतली ही सारी शक्ती ग्लायकोजेनच्या रूपाने साठवावयाची म्हटली, तर माणसाला शंभर किलोंचे ओझे पाठीवर घेऊन हिंडावे लागेल. तेव्हा चरबी ही शत्रू नव्हे. दुष्काळावर मात करण्यासाठी निसर्गाने बांधलेले ते कोठार आहे.

कोठार म्हटले, की कोठावळा आलाच. माल कधी आत घ्यावा, कधी बाहेर काढावा, हे ठरविणारा मुख्य कोठावळा म्हणजे स्वादुपिंडातील सूक्ष्म पेशीपुंजांत तयार होणारे इन्सुलिन हे संप्रेरक. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी त्याचा शोध लावला आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशी मुले अस्थिपंजर होऊन काही काळात दगावत. ती का झिजत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. इन्सुलिन नसल्यामुळे रक्तात साखर साचे, हे खरेच. परंतु कोठाराला कोठावळाच न उरल्यामुळे चरबीही अनिर्बंध बाहेर लोटे, यकृतात तिची कीटोन आम्ले बनत आणि त्या आम्लांनी रक्त विषारी होई. इन्सुलिन हे केवळ साखरेचे संप्रेरक आहे, असा जो समज रूढ आहे, तो म्हणूनच अपुरा ठरतो. चरबीवरही त्याचीच सत्ता चालते.

या सत्तेचा व्यवहार असा आहे. माणूस भात-पोळी जेवला, की पिष्टाची ग्लुकोज साखर होऊन रक्तात येते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन एकाच वेळी तीन हुकूम देते. पहिला स्नायूंना : दारे उघडा आणि साखर आत घ्या. दुसरा यकृताला : नवी साखर करू नका, अधिक झालेल्या साखरेचा साठा करा आणि उरली तर तिची चरबी बनवा. तिसरा चरबीच्या पेशींना : आलेला माल भरा आणि बाहेर जाणारे दार बंद ठेवा. चार-सहा तास पोटात काही गेले नाही, की इन्सुलिन ओसरते आणि ग्लुकागॉन हे दुसरे संप्रेरक पुढे होऊन यकृताला साखर सोडावयास लावते. इकडे चरबीच्या पेशींचे दार मोकळे होते. माणूस चालू लागला वा संकटात सापडला, तर ॲड्रिनॅलिन ते आणखी सताड उघडते. चरबीचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात उतरतात आणि स्नायू व हृदय त्यांच्यावर काम चालवतात. मेंदूला मात्र मेदाम्ले वापरता येत नाहीत. त्याला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि उपास लांबला, तर यकृत मेदाम्लांपासून कीटोन बनवून त्याची सोय लावते.

येथे एक शंका येते. एकाच यकृतात एका बाजूने चरबी तयार होते आणि दुसऱ्या बाजूने ती जाळता येते. मग विणलेले उसवत बसावे, तसा प्रकार का होत नाही? या कोड्याचे उत्तर १९७७ साली अमेरिकेतील डॅलस येथे मॅकगॅरी आणि फॉस्टर या संशोधकांनी दिले. मेदाम्लांना पेशीतील भट्टीत शिरण्यासाठी कार्निटिन नावाच्या वाहकाचे साहाय्य लागते. इन्सुलिनच्या हुकुमाने चरबी तयार होऊ लागली, की मॅलोनिल-कोएन्झाइम ए नावाचा मधला पदार्थ साचतो आणि तोच भट्टीचे दार अडवून उभा राहतो. इन्सुलिन ओसरले, की तो पहारेकरी दूर होतो आणि जळण आत जाऊ लागते. साठवणे चालू असता जाळणे बंद, जाळणे चालू असता साठवणे बंद, असा हा चोख कारभार आहे.

हा कारभार ध्यानात घेतला, म्हणजे आपल्या उपवासांकडे नव्या दृष्टीने पाहता येते. एकादशीला घरोघरी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळी, बटाट्याचा कीस आणि वर एखादा पेढा असा बेत होतो. आणि 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी करून ठेवली आहे. कोणते धान्य उपवासाला चालते, हे धर्मशास्त्र ठरवील. त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि त्याची साखर त्वरेने होते. दाण्याच्या कुटाने व तुपाने तो वेग थोडा मंदावतो, इतकेच. स्वादुपिंडाला पंचांग कळत नाही. साखर आली, की ते इन्सुलिन सोडते आणि कोठाराचे दार बंद होते. सकाळी खिचडी, दुपारी भगर, संध्याकाळी फराळ अशी एकादशी ही व्रताच्या दृष्टीने उपवास असेल. कोठावळ्याच्या वहीत मात्र त्या दिवशी जमाच लिहिलेली असते.

त्याच आषाढी एकादशीसाठी त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघालेला वारकरी पाहावा. तीन आठवड्यांहून अधिक काळ चालून, चारशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून तो पंढरपूरला पोहोचतो. वाटेत गावोगावी अन्नदान होते आणि तोही ते पोटभर घेतो. परंतु त्याचे चालणारे स्नायू हे फार मोठे गिऱ्हाईक आहे. स्नायू आकुंचन पावू लागला, की तो इन्सुलिनच्या हुकुमाची वाट न पाहता आपली दारे स्वतःच उघडतो आणि साखर आत ओढतो. शिवाय भट्टीच्या दारावरचा पहारा सैल होऊन मेदाम्लेही जळू लागतात. चालण्याचा हा गुण पायी हिंडणाऱ्या प्रत्येकाला लाभतो. त्याला वारीचेच निमित्त लागते असे नाही.

आता बिघाड कसा होतो ते पाहू. खाणे नित्य अधिक आणि हालचाल नित्य कमी असे वर्षानुवर्षे चालले, की त्वचेखालचे कोठार तुडुंब भरते. मग माल ओसरीवर, माजघरात, देवघरात असा मिळेल तेथे रचावा लागतो; म्हणजे चरबी पोटातील आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंच्या तंतूंत शिरते. भरलेल्या पेशी इन्सुलिनचा हुकूम नीट मानीत नाहीत, त्यामुळे मेदाम्ले जेवणानंतरही रक्तात पाझरत राहतात. स्नायूच्या पेशीत चरबीचे अर्धवट अंश साचले, की इन्सुलिनचा निरोप दाराशी पोहोचूनही आत पसरत नाही. यालाच इन्सुलिन प्रतिरोध असे म्हणतात. यकृताची तर्‍हा तर अधिकच विचित्र आहे : 'साखर करू नका' हा हुकूम ते ऐकेनासे होते, परंतु 'चरबी करा' हा हुकूम मात्र ऐकत राहते. परिणामी रक्तात साखरही वाढते आणि चरबीही.

तरीही प्रारंभी साखरेची तपासणी निर्दोष येते. का? तर कोठावळ्याचे कोणी ऐकेना, म्हणून स्वादुपिंड एकाऐवजी दोन-तीन कोठावळे पाठविते. इन्सुलिन दुप्पट-तिप्पट होते आणि त्या जोरावर साखर जागच्या जागी राखली जाते. ही ओढाताण कित्येक वर्षे चालू शकते. शेवटी इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी थकतात, आणि मग साखर चढते. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागते ते या वेळी. धरण केव्हाच भरलेले असते.

हे ज्ञान एका दिवसात झाले नाही. १९३६ साली इंग्लंडमधील हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रोग्यांना साखर आणि इन्सुलिन बरोबरच देऊन दाखवून दिले, की काही मधुमेहींना इन्सुलिन तत्काळ लागू पडते आणि काहींना ते दिले तरी फारसे लागू पडत नाही. १९६० साली रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा प्रौढ मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन पुष्कळदा विपुल असते, असे आढळले. या पद्धतीबद्दल यालोबाईंना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच निवर्तले होते. १९६३ साली फिलिप रँडल यांनी मेदाम्ले आणि ग्लुकोज यांच्यातील स्पर्धा उजेडात आणली. १९८८ साली जेरल्ड रीव्हन यांनी रक्तदाब, रक्तातील चरबी आणि साखर यांचे बिघाड एकत्र का नांदतात, याचे मूळ इन्सुलिन प्रतिरोधात दाखविले. आणि १९९४ साली लेप्टिनचा शोध लागल्यावर चरबी ही निमूट पडून राहणारी पिशवी नसून स्वतःची संप्रेरके रक्तात सोडणारे इंद्रिय आहे, हे सर्वमान्य झाले.

या साऱ्या कथेत एक अध्याय महाराष्ट्राचा आहे, आणि तो मराठी घरांना सर्वांत जवळचा आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : जन्मजात प्रकारचा रोगी कृश आणि अपथ्याने झालेल्या प्रकारचा रोगी स्थूल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मात्र तिसरेच चित्र दिसत होते. त्यांच्याकडे येणारे प्रौढ मधुमेही युरोपातील रोग्यांच्या मानाने तरुण आणि सडपातळ असत. २००४ साली 'लॅन्सेट' या पत्रात त्यांनी आपले स्वतःचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा अंक एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा दोघांनाही सारखेच प्रशस्तिपत्र देत होता.

ही गुप्त चरबी येते कोठून, याचा शोध घेण्यासाठी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांचे त्यास सहकार्य होते. गरोदरपणापूर्वी या गावांतील स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातील इंद्रियेही लहान होती. परंतु पाठीवर, फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी त्या मानाने कितीतरी शाबूत होती. हाडकुळ्या दिसणाऱ्या बाळात चरबीचा वाटा अधिक! पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना केली, तेव्हा पुण्याच्या बाळांत इन्सुलिन अधिक आढळले. म्हणजे जी ओढाताण चाळिशीत सुरू होते असे मानले जाई, तिची चाहूल जन्माच्या वेळीच लागत होती.

याचा अर्थ असा लावला जातो, की गर्भाला अन्न अपुरे पडले, म्हणजे तो मेंदू राखतो, स्नायूंवरचा खर्च कापतो आणि शिल्लक पेटीत टाकतो. असे मूल पुढे टंचाईतच वाढले, तर कदाचित निभावून जाईल. परंतु ते शहरात आले, कारखान्यात वा कचेरीत बसून काम करू लागले, दारापुढे वाहन उभे राहिले आणि रोजच्या न्याहारीला पाव-मिसळ व जिलेबी मिळू लागली, की लहान स्नायू आणि लहान कोठार यांना तो माल पेलत नाही. याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्यांच्यात ते कमी असून फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक दिसला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेत, त्यांची बाळे अंगाने मोठी होती.

सुशिक्षित घरांनी येथे घटकाभर थांबावे. घरातील पुरुषमंडळी आणि मुले जेवून उठल्यावर उरलेसुरले पानात घेणारी सून ही आपल्याकडे सद्गुणाची मूर्ती मानली गेली. तिच्या त्या पानाचा हिशेब नातवंडांच्या स्वादुपिंडात लिहिला जात असेल, तर तो सद्गुण फार महाग पडला, असेच म्हणावे लागेल. मुलीच्या लहानपणापासून तिच्या ताटात डाळ, दूध, भाजी आणि फळ पुरेसे पडते की नाही, हा प्रश्न घराण्याच्या पुढल्या पिढीच्या आरोग्याचा आहे. केवळ शाकाहारी असणाऱ्या घरांनी तर ब-१२ विषयी वैद्याला अवश्य विचारावे.

मग उपाय काय? तो फारसा गूढ नाही. २००२ साली अमेरिकेत उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात आहार, व्यायाम आणि वजनातील घट यांच्या योगे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी. भारतात डॉ. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जीवनक्रमातील बदलाने ते २८.५ टक्क्यांनी घटले. आपल्याकडील लाभ कमी दिसला तरी तो औषधापेक्षा उणा नव्हता. औषधाने तेथे २६.४ टक्के घट झाली.

महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच जेवावे, मधे काही खाऊ नये, ही पद्धत बरीच लोकप्रिय झाली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून निघालेली ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविली. खाण्याच्या प्रत्येक प्रसंगी इन्सुलिन स्रवते, तेव्हा प्रसंग कमी करावेत, हा तिचा आधार. मधल्या वेळचे गोड चहा, फरसाण आणि बिस्किटे सुटली, तर बहुतेकांचे हितच होईल. परंतु फळ मिळते ते वेळापत्रकापेक्षा एकूण खाणे आणि वजन किती घटले यावरून, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी वा स्वादुपिंडास चेतविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यास न विचारता जेवण लांबवू नये. त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रिया आणि वाढती मुले यांनी तर असा प्रयोग मुळीच करू नये.

जेवणानंतर थोडे चालणे, जिना चढणे, आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असे काम, पुरेशी झोप, ताटात भात-पोळीचा वाटा कमी करून डाळी-उसळी व भाज्यांचा वाटा वाढविणे, एवढ्याने कोठावळ्याचा हुकूम पुन्हा ऐकू येऊ लागतो. मोठा स्नायू म्हणजे मालाला मोठे गिऱ्हाईक, हे सूत्र वृद्धांनीही विसरू नये.

राहता राहिली मोजमापाची गोष्ट. तराजूचा काटा आपल्या बांध्याच्या लोकांना फसवितो, हे याज्ञिक-युडकिन यांच्या छायाचित्राने दाखविलेच आहे. साखरेचा आकडा उशिरा बोलतो. त्यापूर्वी बोलणारी एक साधी पट्टी प्रत्येक घरातील शिवणाच्या डब्यात असते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरांवर आणि स्त्रीचा ८० वर गेला, म्हणजे पोटात गुप्त साठा रचला जात आहे असे समजावे. मग अंगकाठी कितीही सडपातळ दिसो. गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, की नाशिकचा दुकानदार गळ्यापर्यंत येण्याची वाट पाहत नाही. तो माल हलवू लागतो. तेच शहाणपण त्याने आपल्या स्वतःच्या कमरेविषयी दाखविले, तर पुष्कळ घरांतील पूर ओसरण्याची आशा आहे.